वारा मी देतो

दत्तोपंत आष्टेकरांना नाही म्हणता येत नसे. कुणी शिडी मागितली, स्कूटर मागितली, लग्नाला शंभर खुर्च्या मिळवून द्या म्हटलं, तरी ते ‘बघू की’ म्हणत आणि मग स्वतःच बघत बसत. त्यांची थोरली बहीण अक्का या स्वभावाला एक शब्द वापरत असे, तो इथं लिहिण्यासारखा नाही. पण आजवर दत्तोपंतांनी जे जे कबूल केलं, ते निदान बाजारात कुठेतरी मिळत तरी होतं. यंदाच्या मे महिन्यात त्यांनी वारा द्यायचं कबूल केलं.

त्याचं असं झालं. कॉलेजच्या कार्यालयातली नोकरी संपल्यावर दत्तोपंतांनी कोल्हापूर शहर सोडून शाहूवाडीच्या रस्त्याला, कासारडोह तलावाच्या काठी, लहानसं घर बांधलं होतं. भावंडं दोघंच तिथं राहत. उन्हाळ्यात दुपार कलली की समोरच्या खिंडीतून असा वारा सुटे की वाळत घातलेलं धोतर शेजारच्या सयाजीच्या गोठ्यावर जाऊन बसे आणि सयाजीच्या गोठ्याचा पत्रा आणखी पुढे कुठेतरी. दिवे लागायच्या आत हाच वारा गपकन पडे. हा सगळा वृत्तान्त दत्तोपंत रोज मुंबईला लेकीला फोनवर सांगत. लेक भैरवी शिडाच्या होड्यांच्या शर्यतींची पंच होती. आपल्या बोलण्यात तिच्या कामाचं काहीतरी असावं, एवढीच बापाची इच्छा. ती ‘हं’ म्हणायची आणि फोन ठेवायची.

यंदा मात्र एका आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेची सगळी जबाबदारी भैरवीवर आली, आणि तीही पहिल्यांदाच. ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होड्यांचे जे वर्ग असतात, त्यांतले एकट्यानं होडी हाकायचे दोन वर्ग, एक पुरुषांचा आणि एक बायकांचा. जागा ठरली होती समुद्रकाठी. होड्या कंटेनरमधून येऊन पोचल्या, परदेशी खेळाडूंची तिकिटं निघाली, आणि वादळाच्या इशाऱ्यानं सगळा किनारा बंद झाला. स्पर्धा रद्द झाली असती तर पहिल्याच कामात अपयश पदरी पडून पुन्हा कुणी तिला उभं केलं नसतं. म्हणून तिनं त्या दिवशी स्वतःहून फोन केला.

“बाबा, तुमच्याकडं वारा खरंच तेवढा असतो? का तुम्ही आपलं सांगत असता?”

वाक्याचा पहिला भाग साधा प्रश्न होता. दुसऱ्या भागानं घात केला. इतकी वर्षं आपण तळमळीनं वाऱ्याच्या बातम्या देत होतो आणि लेक त्या आपलं सांगणं म्हणून ऐकत होती, हे दत्तोपंतांच्या जिव्हारी लागलं. ते ताठ बसले आणि म्हणाले, “तुम्ही होड्या आणा, वारा मी देतो.”

अक्का आतून म्हणाली, “आता ह्यो घरातला टेबलफॅन देनार.”

फेडरेशनची दोन माणसं जागा बघायला आली. बांधावर उभं राहून एकानं वही उघडली, तोच त्याची टोपी उडून तळ्यात गेली, आणि जागा मंजूर झाली.

बातमी गावात फिरली तसे सल्ले यायला लागले. सयाजी वीज मंडळातून निवृत्त झालेला, त्यामुळे वारा हा विषय तो आपलाच समजे. ऐन वेळी दगा नको म्हणून द्राक्षबागेत फवारणीला वापरतात तसले चार ब्लोअर सांगलीकडून आणून ठेवावेत आणि बांधावर ओळीनं उभे करावेत, असं त्यानं सुचवलं. दत्तोपंत ‘बघू की’ म्हणाले. कुणी म्हणालं, परदेशी माणसांना आपलं पाणी बाधतं, तळ्याला आधी उकळी आणता येते का बघा. त्यालाही त्यांनी सवयीनं ‘बघू की’ म्हटलं.

परवानगीचं काम दत्तोपंतांनी अभिमानानं अंगावर घेतलं. आयुष्य कार्यालयात गेलेलं, त्यांना कसली भीती? तळं ज्या कार्यालयाच्या ताब्यात होतं, तिथल्या साहेबांनी विचारलं, होड्या प्रवासी की मासेमारीच्या? दोन्ही नाहीत म्हटल्यावर त्यांनी इंजिनचे नंबर मागितले. इंजिन नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. इंजिन नाही म्हणजे होडी नादुरुस्त, आणि नादुरुस्त होडी पाण्यात सोडायला परवानगी देता येत नाही. दत्तोपंतांना साहेबांचा राग आला नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटलं असतं, हे त्यांना कळत होतं आणि त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. शेवटी बरीच शोधाशोध होऊन एक मथळा सापडला आणि त्याखाली परवानगी मिळाली. ‘विसर्जन व तत्सम कार्यक्रम’. भैरवीनं तो कागद वाचला आणि कुणाला न दाखवता फायलीच्या तळाशी ठेवला.

खरा आधार झाला तो सरपंच उदयसिंहांचा. तरुणपणी पैलवानकी केलेला माणूस, गावात अजून तालीम चालवतो. मंडप, ट्रॅक्टर, माणसं, हलगीवाले, सगळं त्यांनी उभं केलं. वर स्वतःच्या खिशातून एक चांदीच्या मुलाम्याची गदा करून आणली. पुरुषांना फेडरेशनचा कप होताच. गदा मात्र बायकांच्या गटाला द्यायची, कारण तालमीत आता मुलीच जास्त येतात, असं त्यांचं म्हणणं. गदा अशी दणदणीत होती की ती उचलायच्या आधी उभं कसं राहायचं याचा विचार करावा लागे. या सगळ्याच्या बदल्यात उदयसिंहांची एकच मागणी होती. “पावण्यांचा सत्कार मातूर रीतीनं व्हायला पायजे. गावाच्या अब्रूचा सवाल हाय.”

दत्तोपंत अर्थातच ‘बघू की’ म्हणाले.

पहिल्या दिवशी सत्कार झाला. प्रत्येक खेळाडूला फेटा, शाल, श्रीफळ. खेळाडू मंडपभर आणि फेटा बांधणारा एकटा, तोही कलावंत वृत्तीचा. मनासारखा तुरा जमला नाही की सोडून पुन्हा बांधी. मधे मधे भाषणं होती. खिंडीतून वारा सुटला आणि फेट्यांचे शेमले आडवे होऊन फडफडू लागले. भैरवी मंडपाच्या कोपऱ्यात उभी राहून त्या शेमल्यांवरून वाऱ्याचा वेग मोजत होती आणि तिचे ओठ आवळत चालले होते. वर्षानुवर्षं असा वारा शोधत हिंडणारी ती माणसं नारळ मांडीवर घेऊन पाण्याकडे बघत बसली होती. शेवटचा नारळ देऊन झाला, होड्या पाण्यात उतरल्या, तळ्याच्या मधोमध पोचल्या, आणि वारा पडला. पांढरी शिडं जागच्या जागी उभी राहिली. काठावरच्या लोकांना ते फार आवडलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी एकही शर्यत झाली नाही.

संध्याकाळी भैरवीनं वडिलांना समोर बसवून नियम सांगितला. दोन्ही वर्गांच्या निदान चार चार शर्यती पुऱ्या झाल्या तर अजिंक्यपद, नाहीतर सगळं रद्दबातल. दत्तोपंतांनी मान हलवली. त्या रात्री ते दर तासाला उठून खिंडीकडे बघून आले.

दुसऱ्या दिवशी शर्यत सुरू करायला पंचांच्या बोटीवरून भोंगा वाजला. बांधावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्यांना वाटलं, आपल्याला हाक आली. सगळ्यांनी मिळून हॉर्न वाजवून उत्तर दिलं. होड्या गोंधळून निघाल्या, परत बोलावल्या गेल्या, पुन्हा भोंगा वाजला, पुन्हा उत्तर गेलं. शेवटी दत्तोपंतांनी बांधावरून फिरून एकेकाला हात जोडले. तेवढ्यात गावातल्या तानाबाईच्या म्हशी रोजच्या वेळेला पाण्यात शिरल्या आणि सावकाश पोहत शर्यतीच्या मार्गात जाऊन डुंबत राहिल्या. दोन होड्या त्यांना वळसा घालताना एकमेकींवर आदळल्या. तक्रार मुख्य पंचांकडे गेली. ते हॉलंडचे उंच, म्हातारे गृहस्थ. तानाबाईलाही बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, “म्हशीनं कुनाला आडीवलंय? ती रोज जाती तितंच गेली. हेंचीच होडी मधी आली.”

पंचांनी नियमांचं पुस्तक चाळलं आणि बराच विचार करून निकाल दिला, तो जवळजवळ शब्दशः हाच होता. म्हैस हा अडथळा आहे आणि तिला वाट देणं प्रत्येक होडीचं कर्तव्य आहे. तानाबाई त्या दिवसापासून स्पर्धेच्या बाजूची झाली. त्या गडबडीतून दोन्ही वर्गांची एक एक शर्यत पुरी झाली.

गावाला बायकांच्या शर्यतीत एक मुलगी आवडली होती. ती जिंकत होती म्हणून नव्हे. जिंकत होती नॉर्वेची आस्त्रीद. ती इतकी पुढे असे की बघण्यासारखं काही उरत नसे. गावाला आवडली ती पराग्वेची लुसिया. बारीक चणीची ही मुलगी प्रत्येक वेळी शेवटची यायची. जोराच्या झोतात तिची होडी उलटायची, ती पालथ्या होडीवर चढून तिला पुन्हा सरळ करायची, आत चढायची, आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा उलटायची. तालमीत वाढलेल्या गावाला या गोष्टीची किंमत कळते. “पाठ लागू देत न्हाय पोरगी,” उदयसिंह म्हणाले, आणि हलगीवाल्यांना खूण केली. तेव्हापासून लुसियाची होडी सरळ झाली की हलगी कडाडायची.

माइक सयाजीकडे होता. त्याला दत्तोपंतांनी गुणांची पद्धत नीट समजावून सांगितली. पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, असं करत शेवटच्याला सगळ्यात जास्त. आणि ज्याचे गुण सगळ्यात कमी तो विजेता. सयाजीनं शांतपणे ऐकून घेतलं. कुणाची तरी लिहिताना उलटापालट झाली आहे, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. पण एवढ्या लांबून आलेल्या पावण्यांची चूक चारचौघांत कशाला दाखवायची, म्हणून तो काही बोलला नाही. वेळ येईल तेव्हा आपण गुपचूप दुरुस्त करू, असं त्यानं मनाशी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं दत्तोपंतांचा शब्द राखला. दोन्ही वर्गांच्या आणखी दोन दोन शर्यती झाल्या. चौथीची तयारी चालू असताना वळवाचे ढग आले, विजा कडकडल्या आणि सगळ्यांना पाण्याबाहेर काढावं लागलं. उरला एकच दिवस आणि दोन्ही वर्गांची हवी होती एक एक शर्यत. त्या दिवशी चारनंतर शर्यत सुरू करायची नाही असा नियम होता, आणि वारा तर दोनच्या आधी फिरकत नसे. नेमक्या दोन वाजता समारोपाच्या सत्कारासाठी मुंबईहून क्रीडा खात्याचे मोठे साहेब येणार होते.

सकाळी भैरवी वडिलांच्या शेजारी पायरीवर येऊन बसली. एवढ्या दिवसांत ती धड जेवली नव्हती. “बाबा, सत्कार शर्यतीनंतर,” ती म्हणाली. “उदयकाकांना आज एकदा नाही म्हणा. मी तुमच्याकडं दुसरं काही मागत नाही.”

लहानपणी सायकल मागतानासुद्धा ती अशा आवाजात बोलली नव्हती. दत्तोपंत तडक मंडपात गेले. उदयसिंह हारांची मोजदाद करत होते. दत्तोपंतांनी घसा साफ केला, छाती पुढे काढली, आणि उदयसिंहांनी वर बघून “सायेब पहाटंच मुंबईहून निघालं, तुमी सूत्रसंचालन बघताय न्हवं?” असं विचारताच त्यांच्या तोंडून आवाज निघाला, “बघू की.”

स्वतःची एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते घरामागून स्वयंपाकघरात आले आणि मटकन बसले. अक्का गावातल्या चार बायका घेऊन पहाटेपासून पुरणपोळ्या लाटत होती. पोरी उद्या आपापल्या देशाला जाणार, त्या पुरणाशिवाय कशा जातील, हे तिचं साधं गणित. दत्तोपंतांनी तिला सगळं सांगितलं. अक्कानं लाटणं खाली ठेवलं नाही.

“तुला न्हाई म्हनता येत न्हाई, ते ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “पर पानावर बसलेल्या मानसाला तरी कुटं म्हनता येतंय?”

दत्तोपंत ताडकन उठले. आजवर जगानं त्यांच्या ज्या दुबळेपणाचा फायदा घेतला होता, तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाला जेवणाच्या पानावर असतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

साहेबांची गाडी थांबली तेव्हा मंडपातल्या खुर्च्या गेल्या होत्या आणि पाटांच्या रांगा मांडलेल्या होत्या. केळीच्या पानांवर कुरडया, भाजी, कटाची आमटी वाढून तयार. साहेब म्हणाले, आधी कार्यक्रम उरकून घेऊ. उदयसिंहही तेच म्हणाले. तेव्हा अक्का पदर खोचून पुढे आली आणि तिनं एवढंच विचारलं, “वाढलेलं पान टाकून उठायचं?”

साहेब बसले. साहेब बसले म्हणून उदयसिंह बसले, आणि सगळे मानकरी ओळीनं बसले. दत्तोपंतांनी तुपाचं तांब्याचं भांडं हातात घेतलं. खिंडीतून पहिली झुळूक आली आणि पाण्यावरून भोंगा ऐकू आला. साहेबांनी मान वळवली. “कसला आवाज हो?” दत्तोपंत म्हणाले, तयारी चालली आहे, आणि पोळीवर तूप सोडलं.

पुढचा तास दत्तोपंतांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. वाढताना त्यांचा एक डोळा पानांवर आणि एक मंडपाबाहेरच्या लिंबाच्या शेंड्यावर. शेंडा हलत होता तोवर त्यांच्या हातातलं भांडं स्थिर असे. शेंडा थांबला की तूप पानाबाहेर सांडे. उदयसिंह दोनदा उठायला गेले. दोन्ही वेळा अक्कानं त्यांच्या पानात अख्खी पोळी घातली, आणि पैलवान माणूस पानातलं टाकून उठत नसतो. साहेबांनी चौथ्या पोळीला दोन्ही हात पानावर आडवे धरले, तर अक्का म्हणाली, तुमच्या पोरीच्या हातची समजून खा. लेकीचं नाव ऐकून साहेब खरंच हळवे झाले आणि त्यांनी हात काढले.

लिंबाचा शेंडा हळूहळू मंद व्हायला लागला तेव्हा दत्तोपंतांनी मनातल्या मनात ज्योतिबाला हात जोडले. आणि मग बाहेर भोंगा वाजला, एकदा, पुन्हा, पुन्हा. एकामागून एक होड्या शेवटची रेघ ओलांडत होत्या. भैरवी बांधावरून मंडपाच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उन्हानं काळवंडला होता. “बाबा,” ती म्हणाली, “चारही झाल्या.”

दत्तोपंतांनी हातातलं भांडं जिथं होतं तिथं, म्हणजे सयाजीच्या पानात, ठेवलं आणि ते खांबाला धरून उभे राहिले. आता बघायचं काही उरलं नव्हतं आणि त्यांना अतिशय बरं वाटत होतं.

म्हणूनच पुढचं त्यांच्या हातून सुटलं. पुरणानं जड झालेल्या साहेबांना व्यासपीठावर आणलं गेलं. पदकं आणि पुरुषांचा कप फेडरेशनच्या माणसानं बिनचूक दिले. मग गदेची वेळ आली. सयाजीनं माइक हातात घेतला, गुणांच्या कागदाकडे बघितलं, मनाशी केलेली दुरुस्ती आठवली आणि सबंध तळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं, “सर्वांत जास्त गुन मिळवून मानाची गदा पटकावत आहेत, पराग्वेच्या कुमारी लुसिया!”

गावाला तर हेच हवं होतं. कुणी शंका घेतली नाही. हलगी कडाडली, गुलाल उधळला, साहेबांनी लुसियाला फेटा बांधला, उदयसिंहांनी तिच्या खांद्यावर गदा ठेवली, आणि ती गदेसकट खाली कोसळायच्या आत तालमीतल्या मुलींनी तिला उचलून खांद्यावर घेतलं. मिरवणूक बांधावरून गावाकडे निघाली. दत्तोपंत ‘अहो, थांबा, चुकलंय’ म्हणत मागून धावत होते. हलगीत त्यांचं कुणाला ऐकू गेलं नाही, आणि जे ऐकू गेलं त्याला लोक ‘व्हय व्हय’ म्हणाले.

धापा टाकत ते परत आले तेव्हा आस्त्रीद भैरवीजवळ उभी होती. दत्तोपंतांनी हात जोडले. चूक आमची आहे, ते म्हणाले, पण एकदा डोक्यावर घातलेला फेटा आणि खांद्यावर दिलेली गदा आमच्याकडे काढून घेत नाहीत. तरी तुम्ही म्हणत असाल तर मी जातो. भैरवीनं इंग्रजीत सांगितलं. आस्त्रीदनं फक्त एक गोष्ट नक्की करून घेतली: ती वस्तू मला विमानातून न्यावी लागणार नाही ना? नाही म्हटल्यावर तिनं डोळे मिटून मोठा श्वास सोडला. स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी तिनं मंडपात ती गदा बघितली होती, आणि तेव्हापासून जिंकण्याची तिला धास्ती वाटत होती.

मुख्य पंच पिवळं सोवळंसं उपरणं गळ्यात घालून पुरणपोळी खात होते. गदा नियमांत कुठंच बसत नसल्यानं तिच्याबद्दल आपल्याला काही दिसलं नाही, असं त्यांनी कळवलं.

दिवेलागणीला मिरवणूक परतली आणि गुलालानं माखलेली लुसिया पायरीवर येऊन बसली. फेटा अजून डोक्यावर होता. गदा तिनं तालमीत मारुतीपुढे ठेवली होती. तिनं हळू आवाजात भैरवीला काहीतरी सांगितलं. भैरवीनं वडिलांकडे बघितलं.

“ती म्हणते, मी शेवटची आले हे मला माहीत होतं. पण एवढी माणसं एवढी खूश झाली होती, मला नाही म्हणता आलं नाही.”

दत्तोपंतांनी त्या मुलीकडे नीट बघितलं. जगाच्या दुसऱ्या टोकाला आपलं एक माणूस राहतं, हे इतकी वर्षं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तिच्या डोक्यावर, फेट्यावरूनच, हात ठेवला. भैरवी पलीकडे भिंतीला टेकून बसली होती. तिनं अक्काकडून पान मागून घेतलं आणि पोटभर जेवली, तिसरी पोळीही तिनं नको म्हटली नाही. बापाला ते बघूनच भरून आलं.

बाहेर तळं अगदी निश्चल झालं होतं. लिंबाचं पानही हलत नव्हतं. अक्का पदरानं वारा घेत बाहेर आली आणि पायरीवर टेकली.

“दत्तू, उकडतंय की रं. वाराच न्हाय.”

“नसू दे, अक्का,” दत्तोपंत म्हणाले, आणि सदऱ्याची बटणं सोडून खुशाल घाम पुसत बसले.